अंतर दुप्पट केलं, पण ६ डेसिबल काही कमी होईनात

सांजवारा:
अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते, असं शिकलो होतो. काल मोकळ्या मैदानात जनरेटर चालू ठेवून फोनवरच्या अ‍ॅपने मोजलं. ३ मीटरवर ७८, ६ वर ७२. इथवर मी खूश! मग १२ वर ६७, २४ वर ६२ आणि ४८ वर ५९.५. शेवटच्या टप्प्यात जेमतेम अडीच डेसिबल उतरले. नियम चुकतोय की माझं अ‍ॅप?

ध्वनिवेडा:
दोन्ही बरोबर असावेत. जनरेटर बंद करून त्याच जागी मोजलंत का? वारा, पानं, लांबची रहदारी यांचा आवाज तिथे असतोच. तुमच्या आकड्यांवरून तो ५८ च्या आसपास असणार.

आवाज जमिनीवरून अर्धगोलात पसरतो. अंतर दुप्पट झालं की तीच ऊर्जा चौपट पृष्ठभागावर विभागली जाते, म्हणून तीव्रता एक चतुर्थांश उरते. डेसिबलच्या मोजमापात ही घट ६. त्या हिशेबाने ४८ मीटरवर जनरेटरचा एकट्याचा आवाज ५४ हवा. पण डेसिबल सरळ मिळवता येत नाहीत, आधी ऊर्जांची बेरीज करावी लागते. ५४ आणि ५८ मिळून ५९.५ होतात, तुमचा आकडा नेमका तोच! २४ मीटरवर ६० आणि ५८ मिळून ६२. मला हे गणित फार आवडतं, कारण मोजमाप खोटं वाटतं तेव्हाच ते आपल्याला काहीतरी सांगत असतं.

पार्श्वभूमीपेक्षा निदान १० डेसिबल जास्त असेल तिथलंच मोजमाप धरा. तेव्हा चूक अर्ध्या डेसिबलच्याही आत राहते.

वाटसरू:
एक भर घालतो. हे सगळं एका ठिकाणाहून येणाऱ्या आवाजाचं झालं. सतत वाहणारा हमरस्ता म्हणजे आवाजाची लांबच लांब रेघ, तिथे दुप्पट अंतराला ३ च डेसिबल कमी होतात. आणि बंद खोलीत थोडं लांब गेलं की भिंतींवरून परतलेला आवाजच भारी पडतो, मग मागे सरकून काही उपयोग नाही.

सांजवारा:
आत्ताच मैदानात जाऊन आलो. जनरेटर बंद, ४८ मीटरवर ५८. आता सगळ्यात शांत वेळ शोधून सगळं पुन्हा मोजतो.