मदत हवी आहे: काचांच्या स्विचमध्ये एलईडी लावले, आता डिमरला दादच देत नाहीत

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी.

गाडी २००७ची पेट्रोल सेडान, दुसऱ्या हाताची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही गाडी काऊन घेतली' यावर जाईल आणि माझा प्रश्न बाजूला राहील.

ड्रायव्हरच्या दारावर चारही काचांचे स्विच आहेत, त्यांचा दिवा मी गाडी घेतली तेव्हापासूनच बंद. आई-बाबांना दवाखान्यासाठी महिन्यातून एकदा वर्ध्याहून नागपूरला आणावं लागतं. हिवाळ्यात बुटीबोरी येईस्तोवर अंधार पडतो, काचेवर आतून वाफ धरते, आणि माझी काच बोटभर खाली घ्यायला मी चाचपडतो तर हमखास मागची उघडते. आई पहिले ओरडायची. आता नुसती शाल ओढून घेते.

म्हणून मागच्या रविवारी दाराचं स्विचपॅनल काढलं. आत गव्हाच्या दाण्याएवढे दोन बल्ब निघाले, प्रत्येकावर हिरवी रबरी टोपी, पाय थेट बोर्डावर सोल्डर केलेले. एकाची तार तुटलेली, दुसरा आतून काळा पडलेला. तसले बल्ब कुठेच मिळाले नाहीत. पार्टवाल्यानं अख्खा स्विच बदला म्हणून सांगितलं आणि जी किंमत सांगितली ती ऐकून मी थेट बर्डीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. तिथं ३ मिमीचे पांढरे एलईडी आणि ४७० ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर घेतले. 'बारा व्होल्टले सगळे हेच लावतात' असं कळलं. लावले. पेटले. मी खूश.

त्याच खुशीत एसीच्या नॉबमागचे दोन चांगले चालू असलेले टी५ बल्ब काढून तिथं तयार एलईडी बल्ब खुपसले. हे का केलं ते विचारू नका.

आता परिस्थिती अशी. एसीचा एक एलईडी पेटतो, दुसरा मेला. स्विचवरची चित्रं पहिले हिरवी दिसायची, ती आता ट्यूबलाइटसारखी निळसर पांढरी झाली आणि डोळ्यांत जातात. मीटरखाली उजेड कमी-जास्त करायची चकती म्हणजे डिमर आहे, ती फिरवली की मीटरचा उजेड छान मंद होतो, एलईडी मात्र जवळपास तसेच. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे पार्किंग लाइट बंद करून गाडी लॉक केली तरी दारातला एक एलईडी काजव्यासारखा जळत राहतो. बॅटरी उतरेल का?

मीटरचे बल्बही बदलायचा विचार होता, तूर्त थांबलो आहे. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे. सर्किट वाचता येत नाही.

तर्रीबाज

भाऊ, एसीचा दुसरा मेला नसन, उलटा बसला असन. बल्बला सरळ-उलटं काही नसते, एलईडीला असते. बाहेर काढ, अर्धा फिरव, परत घाल. टी५ ची चपटी बैठक दोन्हीकून बसते.

बाकी पांढरा लावायचा सल्ला ज्यानं देला त्याले एक प्लेट कमी तर्री.

मनीषनगरकर

फिरवला. पेटला! दहा मिनिटांचं काम आणि मी दुकानात वापस करायला पिशवीत भरून ठेवला होता.

पक्कड_पेचकस

तुमच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बल्ब आणि एलईडी वीज वेगळ्या तऱ्हेनं खातात, त्यातूनच तिन्ही आल्या आहेत.

पहिले रेझिस्टर. गाडी 'बारा व्होल्टची' असते ती उभी असताना. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, १४ ते १४.४ व्होल्ट देतो. पांढरा एलईडी स्वतःकडे साधारण ३.२ व्होल्ट ठेवतो. उरलेले ११.२ व्होल्ट तुमच्या ४७० ओहमवर पडतात, म्हणजे जवळजवळ २४ मिलिअँपिअर. एवढ्याशा स्विचला हा उजेड खूपच झाला. शिवाय रेझिस्टरवर पाव वॅटपेक्षा जास्त उष्णता निघते आहे आणि रेझिस्टर पाव वॅटचाच आहे. गाडी अर्धा तास चालवून पॅनलला बोट लावून बघा. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी आधीच भट्टी असते, त्यात ही भर नको.

आता डिमर. बल्बला व्होल्टेज जरा कमी मिळालं की त्याचा उजेड धाडकन पडतो. १४.४ वरून ८ व्होल्टवर आणला तर तो साधारण सातव्या हिश्श्यावर येतो. तुमच्या एलईडीचं गणित मांडा: ८ वजा ३.२ म्हणजे ४.८, भागिले ४७०, दहा मिलिअँपिअर. २४ चे १० झाले, अर्ध्याहून थोडे कमी. डोळ्याला हा फरक फारसा कळतच नाही. म्हणून चकती फिरवूनही काही झालं नाही असं वाटतं. जुन्या पद्धतीचा, नुसत्या तारेच्या रेझिस्टरचा डिमर असेल आणि सगळेच बल्ब काढून एलईडी लावले तर आणखी वांधा होतो. प्रवाहच इतका कमी वाहतो की डिमरवर व्होल्टेज पडतच नाही. मीटरचे बल्ब काढले नाहीत हे बरं केलंत.

आधी एक मोजून सांगा. चकती सगळ्यात खाली, इंजिन चालू, दाराच्या स्विचला येणारं व्होल्टेज किती?

रिंगरोड_रेसर

एवढा त्रास कशाला? आरजीबी स्ट्रिप टाका, रिमोटवर रंग बदलतो. मी फुटवेलला, म्हणजे पाय ठेवतो तिथं, पण टाकलीय.

मनीषनगरकर

मला रात्री स्विच दिसायला हवेत, वरात काढायची नाही.

रिटायर_वायरमन

वरच्या तरुण मित्राला राग येऊ नये, पण रात्री गाडीत निळा-पांढरा झगझगाट ठेवला की काळोख्या रस्त्यावरचं दिसणं कमी होतं. जुन्या गाड्यांत मंद हिरवा किंवा अंबर उजेड ठेवत, तो उगाच नव्हे. दारातला दिवा बाजूच्या काचेत पडतो आणि नेमका आरशासमोर चमकतो.

मनीषनगरकर, दोन गोष्टी लक्षात ठेवा. मीटरमध्ये हात घालायची वेळ आलीच तर बॅटरीच्या चिन्हाचा लाल बल्ब बदलायचा नाही. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून जातो. तिथं एलईडी बसवला तर दिवा सुंदर दिसेल आणि चार्जिंग सुरूच होणार नाही.

दुसरं, स्विचच्या दिव्यांचा फ्यूज बहुतेक गाड्यांत टेल लाइटच्याच ओळीवर असतो. रेझिस्टरचा उघडा पाय कुठे चिकटला तर आतला दिवा तर जाईलच, मागचेही जातील. पायांवर स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, चढवली आहे का?

मनीषनगरकर

काका, हे तुम्ही चार दिवस आधी सांगायला हवं होतं. सोमवारी रात्री नरेंद्रनगरच्या पुलाजवळ एक स्कूटरवाला समांतर येऊन ओरडला, 'मागचे लाइट लाव बे!' मला वाटलं बल्ब गेले. फ्यूज उडाला होता. स्लीव्ह नव्हती, सेलोटेप होता.

मोजमाप: चकती सगळ्यात वर १४.३, सगळ्यात खाली ७.९ व्होल्ट. काजवा एलईडी, सगळं बंद असताना त्याच्या रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये ०.२ व्होल्ट.

पक्कड_पेचकस

०.२ भागिले ४७०, म्हणजे ०.४३ मिलिअँपिअर. डिमरमधून किंवा स्विचच्या आतल्या कुठल्यातरी वाटेनं एवढी गळती पहिल्यापासूनच होत असणार. बल्बला पेटायला याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो, म्हणून ती कधी दिसली नाही. एलईडी अर्ध्या मिलिअँपिअरवरही अंधारात दिसतो. एवढ्यानं बॅटरी लवकर उतरणार नाही, पण गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टर्मिनल काढून ठेवा. काजवा विझवायला एलईडीच्या दोन पायांना समांतर २.२ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. गळती त्यातून निघून जाईल आणि एलईडीवर एक व्होल्टही पडणार नाही. पेटल्यावर हा रेझिस्टर जेमतेम दीड मिलिअँपिअर खाईल, म्हणजे उजेडावर फरक नाही.

डिमर ८ व्होल्टपर्यंत नीट उतरतोय, म्हणजे तो चांगला आहे. आता पांढरे काढा. दुकानात 'हिरवा एलईडी' मागाल तर दोन प्रकारचे मिळतील. एक झगझगीत, सिग्नलसारखा हिरवा, तो ३ व्होल्टच्या वर खातो. दुसरा जुन्या धाटणीचा पोपटी, पिवळसर झाक असलेला, साधारण २.१ व्होल्टचा. तुम्हाला पोपटी पाहिजे. त्याचा उजेड कमी असतो म्हणून दुकानदार 'हे कोणी नेत नाही' म्हणेल. घ्या.

पोपटी तीन एकामागे एक जोडा आणि त्यांच्यासोबत १ किलोओहम. तिघे मिळून ६.३ व्होल्ट ठेवून घेतात. पूर्ण उजेडाला ८ मिलिअँपिअर, चकती खाली नेली की दीडच्या आसपास. म्हणजे पाचवा हिस्सा, मीटरच्या बल्बच्या बराच जवळ. पांढरे तीन ओळीत जोडले असते तर ७.९ व्होल्टला पेटलेच नसते. या मांडणीत तोटा एकच, एक गेला की तिघेही अंधारात. आणि समांतर रेझिस्टर आता २.२ ऐवजी १० किलोओहमचा घ्या, नाहीतर चकती खाली नेली की ओळ पेटणारच नाही; तो तिघांच्या पूर्ण ओळीला जोडा, एकेकाला नको.

आणखी एक: ३ मिमीचा एलईडी नाकासमोर उजेड फेकतो, बल्ब चहूकडे फेकायचा. मधल्या चित्रावर ठिपका आणि कडेची अंधारात असं होईल. एलईडीचं डोकं बारीक पॉलिशपेपरवर घासून धुरकट करा. चिकटवायला ग्लूगन वापरू नका, उन्हाळ्यात ते ओघळतं. सिलिकॉन लावा.

तर्रीबाज

आन् एसीत बल्बच ठेव बाप्पा. चालू होते ना ते!

मनीषनगरकर

शुक्रवारी रात्री काम संपवलं. दुकानदार खरोखरच म्हणाला, 'हे कोणी नेत नाही', आणि आतल्या डब्यातून पोपटी दहा काढून दिले, दोन-तीन रुपयांना एक. तीन ओळीत, १ किलोओहम, १० समांतर, प्रत्येक पायावर स्लीव्ह. पहिल्यांदा जोडले तेव्हा काहीच पेटलं नाही, मधला उलटा निघाला. तर्रीबाज, मनातल्या मनात तुमचीच आठवण काढली.

एसीत जुने बल्ब टोप्यांसकट परत बसवले. दारातलं पोपटी आणि एसीचं हिरवं तंतोतंत जुळत नाही, दिवसाउजेडी बारकाईनं पाहिलं तर दारातलं जरा पिवळं आहे. रात्री कळत नाही. चकती फिरवली की दोन्हीकडचा उजेड जवळजवळ बरोबरच उतरतो, फक्त शेवटच्या पाव फेऱ्यात एलईडी थोडे आधी मंदावतात. काजवा गेला. दहा मिनिटं अंधाऱ्या पार्किंगमध्ये दाराकडे टक लावून बसलो होतो, वॉचमन येऊन काय हरवलं विचारून गेला.

शनिवारी वर्ध्याला जाऊन आलो. आईला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. बुटीबोरीच्या पुढं मी माझी काच उघडली, पहिल्याच फटक्यात माझीच. मागून आवाज आला, 'आज माझी नाही उघडली?'

हेडलाइटची उंची बदलायच्या चकतीतही दिवा नाही असं आता लक्षात आलंय. ते पॅनल ओढून निघत नाही, कुठे स्क्रू लपलेला असतो का, कोणी काढलंय?