कोंबडीचा ‘दाणा’, ‘खाद्य’ की ‘चारा’?

तलंग (मरोळ गावठाण):
मंडळी, एक शंका. घरामागे सहा कोंबड्या आहेत. त्यांना जे काही घालतो त्या सगळ्याला सासूबाई ‘दाणा’ म्हणतात, नवरा ‘खाद्य’ म्हणतो, दुकानदार ‘फीड’. मुलीने निबंधात ‘कोंबड्यांना चारा टाकला’ लिहिलं तर बाईंनी खाली लाल रेघ मारली, म्हणे चारा गुरांचा. बरोबर काय? आणि ‘लेअर मॅश’ला मराठीत काय म्हणायचं?

परळकर:
बाईंनी घाई केली. चिमणी पिलांना चाराच भरवते की! गुरांपुरती राहते ती वैरण. मात्र कोंबड्यांच्या बाबतीत बोलताना ‘दाणे टाकले’ हेच कानाला बरं वाटतं. (तुमचं टोपणनाव आवडलं. अंड्यावर यायच्या बेतातली कोंबडी म्हणजे तलंग, हे आता शहरात किती जणांना ठाऊक असेल!)

गोराईकर:
दाणा आणि खाद्य हे आमच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळेच ठेवावेत. दाणा म्हणजे नुसतं धान्य, अख्खं किंवा फुटकं: कणी, बाजरी, साळ, मक्याचा भरडा. खाद्य म्हणजे मापात केलेलं मिश्रण. त्यात मका, सोयाबीनची पेंड, कोंडा, चुनखडी, क्षार, जीवनसत्त्वं. दिवसभर हिंडून किडामुंगी टिपणाऱ्या कोंबडीचं दाण्यावर भागतं. मरोळच्या चार भिंतींतल्या कोंबडीचं भागत नाही. कणीत प्रथिनं 7-8 टक्के, आणि अंडी देणारीला लागतात 16 ते 18. शिवाय खाद्यात कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के हवं, ते कणीत नसल्यातच जमा. मग कवच पातळ होतं नि अंडं हातातच फुटतं. सासूबाईंना सांगा, दाणा संध्याकाळी मूठभर, खाऊसारखा. पोट भरायचं ते खाद्याने.

आता ‘लेअर’. त्याचा थराशी काही संबंध नाही, लेअर म्हणजे अंडी देणारी. ‘अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य’ म्हणा, कुणालाही कळेल. फक्त ‘अंड्यावर आलेली’ आणि ‘अंड्यांवर बसलेली’ यांत गल्लत नको. बसलेली ती खुडूक, ती अंडी द्यायची थांबते आणि खातेही जेमतेम.

‘मॅश’ ऐकून लोकांना लगदा वाटतो, पण हे कोरडं असतं. आपला शब्द भरड. क्रंबल म्हणजे चुरा, पेलेट म्हणजे गोळी. मात्र दुकानात नुसतं ‘गोळी’ म्हणू नका, गुरांची गोळीपेंड हातात पडायची. तिच्यात कधी युरिया असतो. रवंथ करणाऱ्या जनावराला तो बेताने चालतो, कोंबडीला नाही.

तलंग:
म्हणजे पिलं आली तरी सगळ्यांना एकच भरड चालेल ना?

गोराईकर:
नाही हो ताई. पिलांना स्टार्टर, त्यात प्रथिनं 20 टक्क्यांच्या आसपास. मग तुमच्या नावाच्या वयाला ग्रोअर. लेअरमधलं कॅल्शियम पिलांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

परळकर:
यात ‘खाद’ राहिला. मराठीत खाद म्हणजे एखाद्याचं खाणं किती ते: ‘या बैलाची खाद मोठी’. हिंदीत खाद म्हणजे खत. आमच्या चाळीतल्या एका काकांनी अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत ‘मुर्गी का खाद’ मागितलं आणि गुलाबांच्या कुंड्यांना घालायचं कोंबडीखत घेऊन आले. दुकानदाराचं काय चुकलं?

गोराईकर:
हा हा! पण खाद हा शब्द हिशेबाला फार उपयोगी. अंड्यावरच्या कोंबडीची खाद दिवसाला 100 ते 120 ग्रॅम. सहा कोंबड्यांना 110 ग्रॅमने 660 ग्रॅम झाले. म्हणजे 50 किलोची गोणी अडीच महिने पुरेल. स्वस्त पडते म्हणून लोक तीच घेतात. मुंबईच्या पावसाळ्यात अडीच महिने गोणी उघडी ठेवायची नसते. महिन्यापुरतं 20 किलो आणा, दोन रुपये जास्त गेले तर जाऊ देत.

आरेवाली:
‘ग्रिट’चाही घोळ मिटवा कुणीतरी. दुकानात ग्रिट मागितलं की शिंपल्यांचा चुरा देतात. तो कवचासाठी, पोटात विरघळून जातो. अख्खा दाणा दळायला पेट्यात (खाटकाकडे कलेजीबरोबर मिळतो तोच पेटा) टणक खडे लागतात. कोंबडीला दात कुठले? मी पहिल्याला ‘शिंपला’ आणि दुसऱ्याला ‘खडी’ म्हणते, वेगवेगळ्या भांड्यांत ठेवते.

तलंग:
साठवणीचं विचारणारच होते. गोणीतलं खाद्य थोडं सादळलंय. सासूबाई म्हणतात, दोन उन्हं दाखव, होईल नीट.

गोराईकर:
इथे शब्द जपून वापरा. सादळणं पापडाचं. पापड पुन्हा उन्हात टाकला की कडक होतो, म्हणून आपण खाद्यालाही तोच न्याय लावतो. गोणीत कोपरापर्यंत हात घाला. हाताला गुठळ्या लागल्या, आतलं कोमट लागलं, बाहेर काढल्यावर बोटांना कुबट वास आला, तर ते सादळलेलं नाही, बुरसलेलं आहे. बुरशी वर दिसेलच असं नाही. उन्हाने ओल जाते, बुरशीने केलेलं विष जात नाही, शिजवूनही जात नाही. टाकून द्या.

परळकर:
त्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. ते करणारी बुरशी ॲस्परजिलस फ्लेव्हस: ‘अ’ ॲस्परजिलसचा, ‘फ्ला’ फ्लेव्हसचा, पुढे टॉक्सिन म्हणजे विष. 1960 साली इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. कारण सापडेना म्हणून आजाराला ‘टर्की एक्स’ म्हणाले. दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या बुरसलेल्या शेंगदाणा पेंडीत.

आरेवाली:
वासांनाही आपल्याकडे नावं आहेत, वापरा की. कुबट म्हणजे ओल. खवट म्हणजे तेल बिघडलं. तांदळाच्या कोंड्यात तेल बरंच असतं, तो लवकर खवट होतो. जाळी धरली तर पतंगाच्या अळ्या, भोकं पडली तर टोके.

ठेवायचं म्हणाल तर पत्र्याची झाकणाची कोठी, विटांवर फळी टाकून, भिंतीपासून वीतभर लांब. प्लास्टिकचं पिंप घुशी कुरतडतात, आणि पावसात लेप्टोची (त्यांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती वेगळीच. नवीन खाद्य जुन्यावर ओतू नका, तळाचं तळाशीच राहतं. कडुलिंबाचा पाला किड्यांसाठी घालतात, घाला. बुरशीला तो काही आवरत नाही.

तलंग:
गोणी फेकली. सासूबाई रुसल्यात. आता शेवटचं: खुराड्यात खाली पसरायला ‘भुसा’ आणू की ‘कोंडा’?

गोराईकर:
तूस आणा. तूस म्हणजे साळीचं वरचं टरफल, ते खाली पसरायला. कोंडा आतल्या दाण्यावरचा, तो खायचा. ‘भुसा’ म्हणालात तर दुकानदार गव्हाचाही देईल, लाकडाचाही.