तो फोटो आधी डिलीट करा

जगताप काका (बी ७०४): नमस्कार. काल रात्री ग्रुपवर माझ्या गावच्या पीएम किसान यादीचा फोटो आलाय आणि माझ्या नावाला लाल गोल केलाय. कशासाठी? सेक्रेटरींनी लगेच डिलीट करावा. माणसाला काही इभ्रत असते.

सावंत (बी ३०१): काका मीच टाकला. चोरून आणलेला नाही हो, पोर्टलवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की कुणालाही दिसते यादी

जगताप काका: दिसते म्हणून गोल करायचा?

ठाकूर वहिनी (ए २०२): टँकर किती वाजता येणार आहे?

सावंत: इन्कम टॅक्स भरणारे अपात्र. महिना दहा हजार किंवा वर पेन्शन असणारे अपात्र. एवढंच म्हणणं आहे.

जगताप काका: जमीन वडिलोपार्जित आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, २०१९ ला धाकट्या भावाने परस्पर कागद दिले तेव्हा मी बँकेत नोकरीला होतो मला कुणी विचारलं पण नाही आणि वर्षाला सहा हजारात कांद्याचं बी तरी येतं का

नाईक (सी ५०३): राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार धरून बारा काका

सावंत: सरकारी बँकेत नोकरीत असलेलेही अपात्रच, चतुर्थ श्रेणी सोडून.

जगताप काका: नाईक तुम्ही बोलूच नका. स्टिल्टमध्ये तुमची बंद स्कूटर कधीपासून पडलीये?

नाईक: स्कूटरला सबसिडी नाही मिळत

केळकर मॅडम (ए ६०१): माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्येच आहे की सबसिडीचे लाभार्थी सरकारने स्वतःहून जाहीर करायचे, कुणी अर्ज करायची वाट न बघता. पण ही यादी गावाने वाचायची असते. जमीन कोण कसतं आणि ठाण्यात कोण राहतं ते गावाला माहीत असतं. घोडबंदरला फिरवून काय साधलं?

सावंत: गावात कोण बोलणार मॅडम, सगळी भावकी. माझीच चुलती तिकडे आहे ना, जमीन स्वतः कसते पण सातबारा सासऱ्याच्या नावावर म्हणून तिला एक रुपया नाही

केदार (सी १०२): जर्मनीतले शेतकरी असंच नाव छापलं म्हणून कोर्टात गेले होते. २०१० ला युरोपच्या कोर्टाने व्यक्तींची नावं छापायचा नियम रद्द केला. नंतर २०१३ ला नवा नियम आला, नावं परत छापतात, फक्त अगदी छोट्या रकमांची झाकतात

नाईक: म्हणजे काका तिकडे सुटले असते

ठाकूर वहिनी: टँकर??

केळकर मॅडम: मेंटेनन्स थकबाकीदारांची यादी लिफ्टपाशी लावतो आपण. ती प्रथा कुणी सुरू केली आठवतंय ना.

जगताप काका: मी खजिनदार होतो, लावली. ते सोसायटीचे पैसे होते.

नाईक: आणि हे?

सावंत: टॅक्स भरणारे अपात्र. परत सांगतो.

सेक्रेटरी: फोटो डिलीट केला आहे. कृपया वैयक्तिक विषय ग्रुपवर नको. टँकर चारला.

सावंत: इथून गेला, पोर्टलवर आहेच

नाईक: पण काका ई-केवायसी कुणी केलं? ते नसेल तर हप्ता अडकतो

जगताप काका: आधारला जोडलेलं जुनं सिम गावी भावाकडे आहे. ओटीपी त्याच्याकडे जातो. पासबुकही तिथेच.

केळकर मॅडम: पोर्टलवर पैसे परत भरायची सोय आहे काका. लाभ सोडूनही देता येतो. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन येते.

जगताप काका: या. पण भावाला मी फोन करणार नाही, गेल्या दिवाळीपासून बोलणं नाही आमचं.