निळी तीनचाकी इन्व्हाकार: रस्त्यावर चालवावी की नाही?

एसेक्सकर

इंग्लंडात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, फिकट निळ्या तीनचाकीची आठवण हमखास निघते. पुढे एक चाक, मागे दोन, फायबरग्लासची बॉडी, आत एकच सीट. नाव इन्व्हाकार. अपंग माणसाला ती सरकारकडून फुकट वापरायला मिळायची, मालकी मात्र शेवटपर्यंत सरकारची.

हिची सुरुवात घरातूनच झाली. बर्ट ग्रीव्ह्जच्या नात्यातला भाऊ डेरी प्रेस्टन-कॉब पायांनी अधू होता. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन डेरीच्या खुर्चीला लावलं तर, असं बर्टच्या डोक्यात आलं म्हणतात. पुढे दोघांनी मिळून कंपनी काढली, आमच्या एसेक्समधल्या थंडर्स्लीला कारखाना टाकला. महायुद्धात जायबंदी झालेले सैनिक घरी बसून होते, त्यांच्यामुळे सरकारी कंत्राट मिळालं. याच मंडळींनी नंतर ग्रीव्ह्ज नावाच्या चिखलात पळणाऱ्या शर्यतीच्या मोटारसायकली बनवल्या.

सत्तरच्या दशकातलं शेवटचं मॉडेल म्हणजे मॉडेल ७०. ते एसी कंपनीही बनवायची. हो, कोब्रा ही स्पोर्ट्स कार बनवणारी एसी. इंजिन ऑस्ट्रियाच्या स्टायर-पुखचं, ४९३ सीसी, समोरासमोर आडवे दोन सिलिंडर, हवेने थंड होणारं. गिअर नाहीत, आपल्या स्कूटीसारखा पट्टा. पायाने काहीच दाबायचं नाही, सगळं हातात. पण खरी करामत दारांची आहे. दोन्ही बाजूंना सरकती दारं. खुर्ची दाराशी लावायची, सीटवर सरकायचं, खुर्चीची घडी करून ती शेजारच्या मोकळ्या जागेत ओढून घ्यायची, दार लावायचं आणि निघायचं. मदतीला कुणी नको.

१९७६ साली सरकारने योजना गुंडाळायचं ठरवलं तेव्हा अशा सुमारे २१,००० गाड्या होत्या. शेवटच्या दोनेकशे ३१ मार्च २००३ रोजी परत घेतल्या आणि चिरडून भंगारात घातल्या. कुणाच्या कोठारात, कुणाच्या शेतात पडून राहिल्या तेवढ्याच वाचल्या. आता काही हौशी लोकांनी त्यातल्या मोजक्या पुन्हा रस्त्यावर आणल्यात. चाळीस वर्षं उलटल्यामुळे रस्ता कर माफ, वार्षिक तपासणीही माफ.

आमच्या गावातल्या एका निवृत्त फिटरकडे एक आहे. शनिवारी मी त्यांच्या हाताखाली असतो. माझं मत स्पष्ट आहे. या गाड्या संग्रहालयात दोरीच्या पलीकडे ठेवून काही कळत नाही. नंबरप्लेट लावून, विमा काढून, बाजाराच्या रस्त्यावरून चालवल्या पाहिजेत. सिग्नलला शेजारी उभी राहिली की माणूस काच खाली करून विचारतो, हे काय आहे? मग सांगता येतं की सरकारने एके काळी हे केलं होतं.

दहाबाराचापाना

इतिहास झकास लिहिलात. आता यंत्राचं बोलू.

पुढे एक चाक असलेली गाडी वळणावर असताना ब्रेक मारला की वजन पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यात जातं. त्या कोपऱ्यात चाकच नाही. गाडी तिकडे कलंडणार, तिला दुसरा इलाज नसतो. रिक्षा रोज चालते असं कुणी म्हणेल. रिक्षा ज्या वेगात चालते त्यात ते खपतं, आणि तरी उलटतात. नाशिक-पुणे रस्त्यावर उलटलेल्या मी स्वतः उचलल्यात. तुमची निळी बाई तिच्यापेक्षा बरीच पळते, वर अंगाने हलकी, आणि इंग्लंडातला आडवा वारा.

दुसरं, इंजिन पाठीमागे, पेट्रोलच्या नळ्या पन्नास वर्षांच्या, बॉडी फायबरग्लासची. तुमच्याकडे आता पंपावर दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे ना? जुन्या रबराला ते खातं. आणि पायांनी अधू माणूस जळत्या गाडीतून किती वेळात बाहेर पडेल, याचा विचार ती बनवणाऱ्यांनी केला होता का?

तपासणी माफ ही बातमी तुम्ही आनंदाने सांगितलीत. मला त्याचाच घाम फुटला.

एसेक्सकर

नळ्या सगळ्या बदलल्यात, इथेनॉलला टिकणाऱ्या टाकल्यात. पाच टक्केवालं पेट्रोलही मिळतं, महाग आहे एवढंच. इंजिनाची काळजी सगळ्यात कमी, कारण तेच इंजिन छोट्या पुख ५०० मोटारीत होतं आणि ऑस्ट्रियात तिचे वेडे भरपूर आहेत. पिस्टन, गॅस्केट पोस्टाने येतात. डोकेदुखी आहे ती पट्ट्याची. मूळ मापाचा मिळत नाही, जवळपासचा बसवून पुली हलवत बसावं लागतं.

उलटण्याचं म्हणाल तर चालवणाऱ्याच्या डोक्यावर आहे. मोटरवेवर, म्हणजे इथल्या वेगवान महामार्गावर, तिला तेव्हाही बंदी होती, आजही आम्ही नेत नाही.

पेठकर

धाग्याच्या मालकांना एक साधा प्रश्न. तुमचे फिटर अपंग आहेत का?

एसेक्सकर

नाहीत. गुडघे दुखतात, पण ते सगळ्यांचेच.

पेठकर

तेच म्हणतोय. सरकारने गरजूला दिलेली गाडी आज धडधाकट माणूस रविवारी मिरवतो. याला वारसा जपणं म्हणायचं की वेशभूषा स्पर्धा? द्या कुठल्यातरी संग्रहालयाला. पाटी लावा, पोरं बघतील.

आपल्याकडचा २०२१ चा विंटेज वाहनांचा नियम मला बरा वाटतो. गाडी पन्नास वर्षांच्या वरची हवी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात व्हीए, प्रदर्शन-रॅलीला न्या, पण रोज हिंडवायला बंदी. हौस हौसेच्या जागी.

साइडव्हील

मी सोलापूरला असतो. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत आधाराचे कॅलिपर होते, आता खुर्ची आणि स्कूटर. म्हणून दोन शब्द.

एसेक्सकर, तुम्हाला ही गाडी गोंडस दिसते. मला तो निळा रंग दिसतो. सगळ्यांना एकच रंग, म्हणजे दोनशे फुटांवरून कळावं की सरकारच्या कृपेवर चालणारा आला. आम्हाला शाळेत असताना एका कार्यक्रमात तीनचाकी सायकली वाटल्या होत्या. हँडलला हार, व्यासपीठावर पुढारी, आम्हाला उन्हात रांगेत बसवलेलं. सायकल चांगली होती हो, तक्रार सायकलची नाही.

आणि एकच सीट! प्रवासी न्यायला कायद्याने मनाई. अपंग माणसाला बायको नसते, पोर नसतं, म्हातारी आई नसते, असं ठरवूनच ती आखलेली. तिकडच्या अपंगांच्या संघटनांनीच नको म्हटलं ना? आम्हाला चार चाकांची साधी मोटार द्या, असा लढा त्यांनी दिला. १९७४ च्या लेडी शार्प यांच्या सरकारी अहवालातही तीनचाकी बंद करून मोटारींकडे वळा असाच सूर होता. १९७६ ला प्रवासभत्ता सुरू झाला, १९७७ ला मोटॅबिलिटी योजना आली. भत्ता द्या आणि चारचौघांसारखी मोटार भाड्याने घ्या. ज्यांच्यासाठी ती केली त्यांनीच झटकून टाकलेली वस्तू तुम्ही प्रेमाने पुसताय.

लीड्सची आत्या

साइडव्हील, तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धं. सत्तरच्या दशकात मी इथे नर्स म्हणून आले तेव्हा या गाड्या आमच्या हॉस्पिटलच्या आवारात रांगेने लागायच्या.

एक जोडपं होतं, दोघंही अपंग. दोघांना दोन गाड्या. बाजाराला निघाले की तो पुढे, ती मागे. एका गाडीत शेजारी बसून जायची सोय नाही, घरी पोचल्यावर भांडायचं ते भांडायचं. हे हसण्यावारी न्यायचे ते दोघं, मला मात्र राग यायचा. फुटबॉलच्या मैदानावर यांना रेषेच्या अगदी कडेला गाड्या लावू द्यायचे. निळ्या गाड्यांची ओळ, आत बसून सामना बघायचा. सोय म्हणा, वेगळं बसवणं म्हणा, दोन्ही खरं.

पण योजना बंद होणार म्हटल्यावर रडलेली माणसंही मी पाहिलीत. भत्त्याच्या पैशात मोटार कुठली परवडायला? ज्याच्याकडे पैसे होते तो सुटला. ज्याच्याकडे नव्हते त्याची दाराशी उभी असलेली, सरकारी खर्चाने दुरुस्त होणारी गाडी जाणार होती. म्हणून तर लोक २००३ पर्यंत चिकटून राहिले. ‘त्यांनीच झटकली’ असं सरसकट म्हणू नका. ज्यांचा आवाज मोठा होता त्यांनी झटकली.

आणि पेठकर, धडधाकटाने चालवली तर काय बिघडलं? जुनी बंबगाडी चालवायला आधी आग लागावी लागते का?

व्होल्गा_ते_वर्धा

मध्येच घुसतो. नव्वदच्या दशकात मी रशियात मेडिकलला होतो. तिथेही असलाच प्रकार, लोक ‘इन्वालिद्का’ म्हणायचे. कागदावरचं नाव एसएमझेड एस-३डी, सेरपुखोवच्या कारखान्यात १९९७ पर्यंत बनत होती. चार चाकं, दोन सीटा, बॉडी चक्क पत्र्याची, आणि मागे ३४६ सीसीचं टू-स्ट्रोक मोटारसायकलचं इंजिन, बारा हॉर्सपॉवर. बर्फातल्या पहाटे कुणी सुरू केली की अख्खं हॉस्टेल जागं. तीसुद्धा सरकारची, पाच वर्षांनी परत करायची.

म्हणजे दुसरी सीट देणं अशक्य नव्हतं. इंग्रजांनी दिली नाही एवढंच.

साइडव्हील

धन्यवाद व्होल्गा. आत्याबाई, भत्त्याचं मान्य. मला तर भत्ताही नाही आणि गाडीही नाही.

आता आमची गंमत ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत अपंगांच्या वाहनाची व्याख्या होती: खास आखलेलं आणि बांधलेलं हवं, नुसते बदल केलेलं चालणार नाही. असं आखलेलं-बांधलेलं कोण विकायचं? मला तरी आमच्या बाजारात मिळालं नाही. म्हणून स्कूटर घ्यायची, बाहेरून साइडव्हील लावून घ्यायची, त्या दिवसापासून कंपनीची वॉरंटी विसरायची. जोडलेल्या चाकांना ब्रेक नाही. रिव्हर्स नाही, उताराला तोंड करून लावली की मागे ओढायला पोरं शोधा. आणि खुर्ची? खुर्ची घरी. ऑफिसात दुसरी ठेवलीय. मधे कुठे उतरायचं झालं तर उतरायचंच नाही. मित्राकडे गेलो तर तो खाली येतो, स्कूटरवरच चहा.

तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये इंजिन, कोब्रा, एसी हे सगळं मी वाचून सोडून दिलं. एका वाक्यावर थांबलो. खुर्ची शेजारी ओढून घ्यायची आणि निघायचं.

एसेक्सकर

अहो, मग हेच तर मी म्हणतोय! फोटोत ते दार म्हणजे नुसतं दार. चालती गाडी असेल तर तुमच्यासारखा माणूस इकडे आला की प्रत्यक्ष बसून बघेल, खुर्ची आत घेऊन बघेल. संग्रहालयात हात लावू देत नाहीत. म्हणून चालती ठेवायची.

साइडव्हील

मला फेरी नको. ते दार हवंय. तुम्ही लोक बॉनेटची पॉलिश, मूळ निळ्याची छटा, मूळ पट्टा यांच्यामागे शनिवार घालवता. मला सीटची जमिनीपासूनची उंची सांगा. खुर्चीची जागा किती इंच? रूळ वर आहे की खाली? खाली असेल तर पावसाळ्यात चिखलाने अडकतो का? ही माहिती कुठे लिहून ठेवलीय तुम्ही? गाडी रस्त्यावर पळाली काय, कोठारात सडली काय, मला त्याचा उपयोग शून्य.

दहाबाराचापाना

हे आवडलं. सरकतं दार मी बनवू शकतो, रिक्षाच्या सांगाड्यावर प्रयोग करायलाही जागा आहे. एकच चाक पुढे ठेवणार नाही, दोन पुढे एक मागे करू. हँडल दोन चाकांना जोडायचं काम वाढेल, पण वळणावर तरी माणूस जिवंत राहील. खुर्चीचं वजन एका बाजूला येणार, ते मोटारीच्या बॅटरीने दुसऱ्या बाजूला तोलता येईल. विजेचीच करायची, पेट्रोलची भानगड नको.

एसेक्सकर, मापं टाका. दाराची मोकळी रुंदी, उंबऱ्याची उंची, सीट ते उंबरा अंतर, छताची उंची. फोटो दार अर्धं उघडं असताना, रूळ दिसेल असे.

पेठकर

आणि आरटीओत नोंदणी कोण करून देणार? साइडव्हीलवाल्या स्कूटरला नाकी नऊ येतात, तिथे हे दोन पुढे एक मागे घेऊन जा. साहेब चष्मा काढून पुसतील आणि म्हणतील, उद्या या.

लीड्सची आत्या

दुसरी सीट विसरू नका रे बाबांनो.

एसेक्सकर

मापं शनिवारी घेतो. रूळ वर-खाली दोन्हीकडे आहे, खालचा पानं-माती साचून जाम होतो, तो तर दर आठवड्याला साफ करायलाच लागतो. म्हणजे चालवतो म्हणून मला हे माहीत आहे, हेही लिहून ठेवा. उभ्या गाडीच्या रुळात पानं येत नाहीत.

साइडव्हील

लिहून ठेवलं. मत बदललेलं नाही. वार्षिक तपासणी माफ असली तरी करून घ्या, दहाबारा बरोबर बोलतोय.

एसेक्सकर

मी तेच म्हणतो. पण फिटरसाहेब म्हणतात, त्या तपासणाऱ्या पोराच्या जन्माआधीपासून मी ब्रेक बसवतोय.

दहाबाराचापाना

मग तर नक्की करून घ्या.