वकील होता म्हणून जिंकले, हे ठरवायचं कसं?

'वकील असलेले अर्जदार जास्त जिंकतात, म्हणजे वकिलामुळेच निकाल बदलतो' हा मुद्दा नुसत्या आकडेवारीवरून सिद्ध होत नाही. मुळात भक्कम प्रकरणंच वकिलाकडे जास्त पोचत असतील, आणि वकीलही तीच आधी घेत असतील.

या निवडीचा परिणाम बाजूला काढण्यासाठी संशोधक ग्रायनर आणि पट्टनायक यांनी अमेरिकेत बेकारी भत्त्याच्या अपिलांवर प्रयोग केला (शोधनिबंध २०१२ चा). मदत मागणाऱ्यांपैकी कोणाला हार्वर्डच्या विधी विद्यार्थ्यांकडून मदत देऊ करायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक ठरवलं. जिंकण्याच्या शक्यतेत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय फरक दिसला नाही. निकालाला विलंब मात्र झाला. पण यावरून 'वकील निरुपयोगी' म्हणणं तितकंच चूक. मदतीचा प्रस्ताव न मिळालेल्यांपैकी बऱ्याच जणांनी दुसरीकडून वकील मिळवला होता. म्हणजे मोजला गेला तो प्रस्तावाचा परिणाम, वकिलाचा नव्हे.

आपल्याकडे ई-कोर्ट्सच्या (न्यायालयांच्या ऑनलाइन) नोंदींवर असं काम करणार असाल तर 'निकाली' म्हणजे 'जिंकला' धरू नका. त्यात तडजोड, दावा मागे घेणं, गैरहजेरीमुळे फेटाळणं, सगळं येतं. निकालपत्रं उघडून निदान एका नमुन्याची हाताने वर्गवारी करा, दोघांनी स्वतंत्रपणे, आणि त्यांचं एकमत किती ते मोजा. प्रकरण जोडताना पक्षकारांच्या नावांवर विसंबू नका, स्पेलिंग बदलतं. १६ अक्षर-अंकांचा सीएनआर (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) वापरा. अपिलाला मात्र नवा सीएनआर मिळतो, तेव्हा खालच्या कोर्टाचा तपशील वेगळा जुळवावा लागेल.