फिल कॉलिन्सचा 'गोइंग बॅक': दाद की झेरॉक्स?

तारसप्तक (धागाकर्ता)
परवा आवराआवरीत २०१० सालची एक सीडी हाती लागली. ब्रिटिश गायक आणि ड्रमर फिल कॉलिन्सचा अल्बम 'गोइंग बॅक'. मुखपृष्ठावर तो स्वतः, शाळकरी वयाचा, ड्रमसेटमागे बसलेला. आत अठरा गाणी, बहुतेक साठच्या दशकातल्या मोटाउनची, म्हणजे डेट्रॉइटच्या ज्या कंपनीने सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर दिले तिची. स्वतःचं नवीन गाणं एकही नाही. तरी ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला होता.

पूर्ण ऐकला आणि चिडचिड झाली. बेसूर वगैरे काही नाही हो. सगळं जागच्या जागी आहे, अगदी खंजिरीसुद्धा, आणि चिडचिड त्याचीच. जुन्या रेकॉर्डी जशा वाजायच्या तशाच वाजवायच्या, हा त्याचा हेतू होता आणि तो त्याने लपवलाही नव्हता. पण तशाच वाजवायच्या तर मूळ रेकॉर्डी आहेत की!

'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ लव्ह' घ्या. फोर टॉप्सच्या लीव्हाय स्टब्सचा आवाज मुळात खालच्या पट्टीतला. हॉलंड-डोझियर-हॉलंड हे गाणी लिहिणारं त्रिकूट त्याला मुद्दाम वरची पट्टी द्यायचं. आवाज ताणला जावा, गळ्याला त्रास व्हावा म्हणून. १९६६ च्या त्या रेकॉर्डमध्ये माणूस अक्षरशः पदर पसरतो. कॉलिन्स तेच गाणं घरच्या कपड्यांत बसून म्हणावं तसं म्हणतो. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जीव ओतून म्हटलेलं गाणं; त्याची नक्कल जितकी चोख, तितकी ती फुकट, असं माझं मत. बोला.

बेताल
मी पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले आहेत, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे आधीच सांगतो. तुम्ही त्याला गायक म्हणून ऐकताय. ड्रमर म्हणून ऐका.

मोटाउनच्या कित्येक गाण्यांत स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम) नेहमीसारखा फक्त दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडत नाही, चारही मात्रांवर पडतो. ऐकायला बालवाडी. वीस मिनिटं वाजवून बघा: मनगट भरून येतं आणि लय पुढे पळायला लागते. ती न पळवता जड ठेवायची, ही मोटाउनच्या बेनी बेंजामिन या ड्रमरची करामत. कॉलिन्स पोरवयापासून या माणसांचं ऐकून वाजवत आला. आणि हा अल्बम केला तेव्हा त्याच्या हाताची काय अवस्था होती? मानेच्या मणक्याचं दुखणं, २००९ मध्ये शस्त्रक्रिया, बोटांत पकड नाही. काही गाण्यांत काठी हाताला पट्टीने बांधून वाजवली आहे. झेरॉक्स काढायला कोणी एवढं करत नाही साहेब.

शिवाय हे त्याचं म्हातारचळ नव्हे. सुप्रीम्सचं 'यू कान्ट हरी लव्ह' त्याने १९८२ मध्येच केलं होतं आणि १९८३ च्या जानेवारीत ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं.

खवट
हाताला पट्टी बांधली म्हणून गळ्यात दर्द येत नाही.
आपल्याकडे 'व्हॉइस ऑफ मुकेश', 'व्हॉइस ऑफ रफी' गणेशोत्सवात मांडवात असतात. लोक टाळ्या वाजवतात, वन्समोअर घेतात, वडापाव खाऊन घरी जातात. त्यांचे अल्बम कोणी पहिल्या क्रमांकावर नेत नाही. इथे फरक इतकाच की माणूस आधीच प्रसिद्ध आहे. रॉड स्टुअर्टने २००९ मध्ये सोलची गाणी केली, याने २०१० मध्ये, स्प्रिंगस्टीनने २०२२ मध्ये. नवीन सुचेनासं झालं की गाडी या स्टेशनात लागते.

पेटीवाली
खवटभाऊ, मांडवातल्या मुकेशवाल्यांना नावं ठेवू नका, त्यांच्यावर आमच्या पिढीची पन्नास टक्के रसिकता पोसली आहे.

आता मुद्दा. 'मूळ' 'मूळ' काय चाललंय? याच अल्बममध्ये 'पापा वॉज अ रोलिन स्टोन' आहे. सगळे ते टेम्प्टेशन्सचं म्हणून ओळखतात. पण ते आधी 'अनडिस्प्यूटेड ट्रुथ' या मोटाउनच्याच दुसऱ्या गटाने गायलं होतं. 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' आधी ग्लॅडिस नाइटचं हिट, १९६७. मार्विन गेचं त्यानंतरच्या वर्षी बाजारात आलं आणि आज लोकांच्या तोंडी तेच आहे. मोटाउनमध्ये एक चाल चार जणांना गायला लावायची रीतच होती. जे गाजेल ते 'मूळ'! आणि ज्या गाण्यावरून अल्बमला नाव दिलं ते तर मोटाउनचं नाहीच. गॉफिन आणि कॅरोल किंगने लिहिलेलं, डस्टी स्प्रिंगफील्ड या लंडनच्या गोऱ्या बाईने १९६६ मध्ये गाजवलेलं.

तारसप्तक
पेटीवालीताई, माझंच म्हणणं तुम्ही मांडलंत! ग्लॅडिसचं गाणं उडतं आहे, मार्विनचं संथ आणि संशयी. वेगळं होतं म्हणून टिकलं. जॉस स्टोनचा २००३ चा अल्बम ऐका. इंग्लंडची सोळा वर्षांची पोर, मायामीच्या जुन्या सोल वादकांना सोबत घेऊन, व्हाइट स्ट्राइप्सचं धडाधड पळणारं रॉक गाणं इतकं मंद करते की ओळखू येत नाही. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण करायचं, तर असं.

मुक्काम मिशिगन
इतके दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. मी डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. पाहुणे आले की मोटाउनचं संग्रहालय दाखवणं हे माझं ठरलेलं काम. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं साधं दुमजली घर. १९५९ मध्ये बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन कंपनी काढली, ती पुढे याच घरातून चालली. स्टुडिओ मागच्या बाजूला. छतावरून वायरी लोंबायच्या म्हणून वादक त्याला सापांचा खड्डा म्हणायचे. प्रतिध्वनीसाठी माळा वापरायचे.

या खड्ड्यात वाजवणारे ते फंक ब्रदर्स. त्यांची नावं रेकॉर्डवर छापायला १९७१ उजाडलं, मार्विन गेच्या अल्बमवर. बास गिटार वाजवणारा जेम्स जेमरसन, ज्याच्यावर आज पुस्तकं निघतात, तो १९८३ मध्ये गेला तेव्हा सामान्य श्रोत्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

आणि पैशाचं ऐका. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं पुन्हा रेकॉर्ड करायला कोणाची परवानगी लागत नाही, कायद्याने ठरलेला दर भरला की झालं. तो दर जातो गाणं लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला. ज्यांनी ते मुळात गायलं-वाजवलं त्यांना छदाम नाही. त्यामुळे 'कॉलिन्सने जुन्या कलाकारांचं भलं केलं' असं कोणी म्हणणार असेल तर सबुरीने. लीव्हाय स्टब्सच्या घरी यातून मनीऑर्डर गेलेली नाही.

बेताल
+१. पण तुम्ही अर्धंच सांगितलंत. कॉलिन्सने फंक ब्रदर्सपैकी तिघांना बोलावलं: बास बॉब बॅबिट, गिटार एडी विलिस आणि रे मोनेट. या वेळी नावं छापली, मानधन दिलं. बॅबिट २०१२ मध्ये गेला. उशीर झाला असता तर हेही राहिलं असतं.

मुक्काम मिशिगन
मान्य. मात्र त्यात एक गंमत आहे. बॅबिट मोटाउनमध्ये रुळला तो साठचं दशक संपता संपता. अल्बममधली बरीचशी गाणी १९६३ ते ६६ ची, तेव्हाची बास जेमरसनची. म्हणजे खुद्द फंक ब्रदरसुद्धा इथे दुसऱ्याचंच वाजवतोय. तिघांत अगदी सुरुवातीपासूनचा म्हणावा तो एकटा विलिस.

खवट
घ्या! नकलेचीही नक्कल.

पेटीवाली
नक्कल कसली? शेजारच्या खुर्चीवर बसणारा गेला, त्याची जागा हा वाजवतोय. आमच्या भजनी मंडळात पखवाजवाले गेल्यावर त्यांचे उठान त्यांचा शिष्य जसेच्या तसे वाजवायचा. एकही बोल बदलायचा नाही. त्याला कोणी झेरॉक्स म्हटलेलं मी ऐकलं नाही.
(अवांतर होतंय, थांबते.)

तारसप्तक
अवांतर नाही, हे मला लागलं. शिष्याचं मी धरलंच नव्हतं.

काल रात्री हेडफोन लावून फक्त बास ऐकत बसलो, गळ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या भागाला चोख नक्कल फुकट म्हणणं जड जातंय. स्टब्सच्या गाण्याबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. तिथे कॉलिन्स हरलाच आहे, आणि रेकॉर्ड करताना त्यालाही ते कळलं असणार.

बेताल, ते चार मात्रांचं प्रकरण कुठल्या गाण्यात नीट ऐकू येईल?

बेताल
'अपटाइट'. आधी स्टीव्हीचं १९६५ चं, लगेच पाठोपाठ फिलचं. ऐकताना उजव्या हाताने मांडीवर चारही मात्रा धरा, जोरात, मध्ये थांबायचं नाही. तीन मिनिटांची एकेक गाणी आहेत. दुसरं संपेपर्यंत हात कुठे दुखतो ते इथे येऊन लिहा.