मदत हवी आहे: रात्री शेतात न्यायला खिशात मावेल अशी चार्जिंगची टॉर्च

नमस्कार मंडळी. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट बरेचदा रात्रीच असते. वडील दारं धरायला एकटे जातात, हातात फावडं, आणि उसात घोणस निघते. मोबाईलच्या उजेडावर मला त्यांना पाठवायचं नाही.

18650 सेलची (बोटाएवढा, पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल), टाईप-सी चार्जिंगची एक टॉर्च दुकानात पाहिली. डब्यावर 1000 लुमेन (उजेड किती पडतो त्याचं माप). लावल्यावर डोळे दिपले, पण थोड्याच वेळात अंग चटका बसेल इतकं तापलं आणि उजेड निम्म्यावर आला. तापल्यावर टॉर्च स्वतःच उजेड उतरवते, ठीक आहे. मग त्या 1000 चा उपयोग काय? मला 200-300 लुमेन दोन-तीन तास सलग हवेत. निळसर पांढरा उजेडही नको, पाचोळ्यावर पडलेली घोणस त्यात ओळखू येत नाही. 4000-5000 केल्विनची, म्हणजे निळसर झाक नसलेल्या उजेडाची मिळते का?

सेल बदलता यावा, चिखलाच्या हाताने बटण दाबता यावं, पाण्यात पडली तरी चालावी. काही टॉर्च दोन्हीकडे टाईप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, तेही सांगा. बजेट 2000 पर्यंत. रोज वापरणाऱ्यांनी कृपया मॉडेलचं नाव द्या, आणि वर्षभरानंतर चार्जिंगच्या तोंडावरचं रबर टिकलं का तेही.